दोनतारी

फळ्यावर डीएनए काढायला मला दीड मिनिट लागायचं. एकमेकींना वेढे देत वर जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा, मग लाल-निळ्या खडूने मधल्या पायऱ्या, आणि उजव्या कोपऱ्यात १९५३ हे साल. हात इतका बसला होता की वर्गाकडे तोंड करून बोलता बोलता मागच्या मागे काढता यायचं. एकदा शेवटच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘‘बाईंची वेणी आज छान आलीय.’’ सगळा वर्ग हसला, मीही हसले आणि वेणीला पुढचा पेड घातला.

वाईत ३१ वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. वर्षाला दोन तुकड्या धरल्या, तर ही शिडी मी साठेक वेळा फळ्यावर चढवली आणि तितक्याच वेळा पुसली. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी, एका जानेवारीत, जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. ‘‘मॅडम, अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण तुम्हीच करायचं. विषय तुमच्या आवडीचा.’’ मी डीएनए म्हणून मोकळी झाले. रात्री टिपण काढायला बसले. ‘डीएनए म्हणजे’ एवढे दोन शब्द लिहून झाले आणि पेन अडलं. पुढचं वाक्य येत नव्हतं अशातला भाग नाही. ते इतकं सहज येत होतं की त्याचीच शंका आली. डीएनए हा पदार्थ आहे. मिठासारखा, तुपासारखा, हाताला लागेल असा. आणि मी तो उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेला नव्हता.

भूगोलाच्या एखाद्या बाईंनी समुद्र न पाहता समुद्र शिकवला असं कळलं, तर आपल्याला त्यांच्याविषयी हळहळ वाटेल. माझ्या बाबतीत हळहळ वाटायलाही कुणी नव्हतं, कारण हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या काचेवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती. आत सूक्ष्मदर्शक, फॉर्मालिनमधला बेडूक आणि प्लॅस्टिकची एक डीएनएची प्रतिकृती, तीही वरच्या चार पायऱ्या निखळलेली. प्रात्यक्षिकाच्या तासाला ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ मी आधी फळ्यावर लिहून द्यायचे. मुलं ते जर्नलात उतरवायची, आणि मग वेळ उरला तर प्रयोग.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना फोन केला. ‘‘भाषण नको. कार्यशाळा घेऊ. मुलांनी स्वतःच्या हातांनी डीएनए काढायचा.’’

‘‘प्रोजेक्टर लागेल का?’’

‘‘मीठ लागेल.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. ‘‘मीठ आहे आपल्याकडे,’’ ते म्हणाले.

मुलांच्या हातात द्यायचं एक पानी टिपण आधी लिहून काढलं. पेशी, केंद्रक, गुणसूत्र, जनुक, विकर. जिथे मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे त्या गावात राहून मराठी शब्दासाठी अडावं असं काही नसतं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा, म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासून हे शब्द गावात मुक्कामाला आहेत. शब्दांची ददात कधीच नव्हती, वस्तूची होती.

वस्तूसाठी मग बाजार पालथा घातला. डीएनए पेशीतून बाहेर काढायचा तर पेशीच्या आणि तिच्या केंद्रकाच्या भोवतीचं पातळ पटल फोडावं लागतं. ते स्निग्ध असतं, तेव्हा तेलकट कढईला जे लावतो तेच त्याला लावायचं: भांडी घासायचं पातळ साबण. मग मीठ. डीएनएच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातला सोडियम तो भार झाकतो आणि धागे एकमेकांजवळ यायला तयार होतात. शेवटी थंडगार अल्कोहोल. पाण्यात विरघळून दिसेनासा झालेला डीएनए अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे दोन्ही द्रव जिथे भेटतात तिथे तो बाहेर पडतो. साबण आणि मीठ किराणा दुकानात मिळालं. अल्कोहोलचं घोडं मात्र अडलं. शुद्ध इथाइल अल्कोहोल आणायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, आणि साठीच्या बाईने त्यासाठी कचेरीत अर्ज घेऊन उभं राहणं मलाच रुचेना.

पहिल्या रात्री मी घरातलं सॅनिटायझर वापरून केळ्यावर प्रयोग केला. त्यातून नासलेल्या शिकरणाखेरीज काही हाती लागलं नाही. दुसऱ्या रात्री औषधांच्या दुकानातलं स्पिरिट आणलं आणि उत्साहाच्या भरात फळ, साबण, मीठ सगळं एकदम मिक्सरमधून काढलं. झाकणापर्यंत फेस आला. अर्धा तास वाट पाहिली, फेस काही बसेना. धागे आले असतील तरी त्या फेसात कुठे शोधणार, आणि मिक्सरच्या पात्याने त्यांचे तुकडे केले असणार ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी मोबाइल बंद पडला म्हणून दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथला मुलगा एका बाटलीत ब्रश बुडवून मोबाइलची पट्टी पुसत होता. वास ओळखीचा वाटला. ‘‘काय रे हे?’’ ‘‘आयपीए, मॅडम. लगेच उडतं.’’ आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मी ३१ वर्षं रसायनशास्त्राच्या शेजारच्या खोलीत बसत होते आणि मला हवं ते रसायन मोबाइलवाल्याकडे होतं. बाटली देताना तो म्हणाला, ‘‘कशाला पाहिजे?’’ मी सांगितल्यावर त्याने पैसे अर्धेच घेतले आणि कार्यशाळेला येऊ का, म्हणून विचारलं.

त्या रात्री केळं बाजूला ठेवलं आणि स्ट्रॉबेरी घेतली. फेब्रुवारीत पसरणीचा घाट उतरणाऱ्या गाड्यांना तिचा वास असतो. भिलारच्या एका बागायतदाराने प्रतवारीतून बाजूला काढलेला, जामला जाणारा मऊ माल दिला होता, आणि आम्हाला मऊच हवा होता. पिकलेल्या फळाच्या पेशी आधीच सैल झालेल्या असतात. शिवाय तिच्याकडे गुणसूत्रांचा साठाही मोठा. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, तिच्या पेशीत आठ. सातांचे आठ संच, म्हणजे ५६ गुणसूत्रं. आपली ४६.

तीन स्ट्रॉबेऱ्या झिपच्या पिशवीत घालून हातानेच चुरल्या. साबण-मिठाचं पाणी घातलं, हलक्या हाताने दोन मिनिटं कालवलं. चहाच्या गाळणीवर जुन्या पंचाचा तुकडा पसरून ते काचेच्या ग्लासात गाळलं. लाल, नितळ पाणी उतरलं. मग फ्रीजरमधलं आयपीए ग्लासाच्या कडेने, अगदी धार न तुटता सोडलं. वर बिनरंगी थर, खाली लाल. मी हात मागे घेतला.

आधी सीमेवर धुकं आलं. मग त्या धुक्यातून बारीक बुडबुडे घेऊन काहीतरी वर चढायला लागलं. पांढुरकं, लोंबतं, एकमेकांत अडकलेलं. मी यजमानांना हाक मारली. ते चष्मा पुसत आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ताकावर लोणी आल्यासारखं दिसतंय.’’ मग माझ्याकडे पाहून काही न बोलता त्यांनी खुर्ची ओढून दिली. मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. ओट्यावर साबणाची बाटली, मिठाची बरणी, लाल डाग पडलेला पंचा, आणि ग्लासात माझ्या ३१ वर्षांच्या फळ्याचा विषय.

शाळेत ४८ मुलं जमली, आठवी-नववीची. चौघाचौघांचे बारा गट केले. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नळाला नेमकं त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून आम्ही सगळा संसार उचलून खिचडीच्या शेडमध्ये नेला. एका बाजूला शालेय पोषण आहाराचा भात चुलीवर, दुसऱ्या बाजूला आमचे चहाचे बारा ग्लास. बर्फ रसवंतीवाल्याने लादी फोडून गोणपाटात दिला होता. धागे उचलायला काचेच्या कांड्या कुठून आणणार? खराट्याचे हीर धुऊन ठेवले होते.

मी सवयीप्रमाणे आधी सगळं सांगितलं. डीएनए कुठे असतो, कसा असतो, साबण काय करतं, मीठ काय करतं, आणि शेवटी तुम्हाला पांढरे धागे वर येताना दिसतील. एका पेशीतला आपला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात कोंबलेला असतो. जाडी म्हणाल तर केसाच्या जाडीत तसे चाळीसेक हजार धागे शेजारी शेजारी बसतील. एका मुलाने विचारलं, ‘‘मग दिसणार कसा?’’ मी म्हटलं, ‘‘कापसाचा एक तंतू लांबून दिसतो का? पेळू दिसतो ना? तसंच. लाखो पेशींचे धागे एकत्र गुंतले की दिसतात.’’ पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची सुरळी, हे मग वेगळं सांगावं लागलं.

स्ट्रॉबेऱ्या चुरण्यात मुलांना जी मजा आली तिचं वर्णन नको. दोन पिशव्या फुटल्या, एका गटाने अर्धा माल खाऊन टाकला. पण आयपीए ओतायची वेळ आली तशी शेड गप्प झाली. बारा हात बारा ग्लासांच्या कडेला टेकले. ‘‘हळू. ढवळायचं नाही. हलवायचं नाही.’’ मी एवढंच म्हणत फिरत होते.

धुकं आलं. धागे आले. आणि पहिल्या गटातून जोरात आवाज आला, ‘‘शी! शेंबूड!’’

हसण्याची लाट उसळली. ती ओसरल्यावर मागच्या गटातली एक मुलगी ग्लासाकडे बघत, कुणाला ऐकू जावं असं काही मनात नसताना म्हणाली, ‘‘एवढंच?’’

शेंबूड मी पचवला असता. ‘एवढंच’ लागलं. धागे सांगितले असले तरी मी तिच्या मनात रंगीत शिडी उभी केली होती, आणि ग्लासात ओघळणारं काहीतरी पांढरं होतं. तिची निराशा अगदी रास्त होती.

सुचेल ते बोलावं म्हणून मी त्यांना मीशरची गोष्ट सांगितली. १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन गावात फ्रीडरिश मीशर नावाचा स्विस तरुण काम करत होता. वय पंचविशीच्या आत-बाहेर. त्याची प्रयोगशाळा टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात होती, आणि किल्ल्यातही कुठे, तर पूर्वीच्या स्वयंपाकघरात. तो जवळच्या रुग्णालयातून जखमांच्या वापरलेल्या पट्ट्या आणायचा आणि त्यांवरचा पू धुऊन घ्यायचा. पुवात पांढऱ्या रक्तपेशी भरपूर. त्या पेशींच्या केंद्रकातून त्याला एक पदार्थ मिळाला, कोणत्याही ज्ञात प्रथिनासारखा न वागणारा, भरपूर फॉस्फरस असलेला. त्याने त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. तोच आपला डीएनए. ‘‘म्हणजे पहिल्यांदा सापडला तो पुवातून,’’ मी म्हटलं, ‘‘तुमचा शेंबूड त्या मानाने बरा.’’ मुलं पुन्हा ‘शी’ म्हणाली, पण या खेपेला त्या ‘शी’मध्ये कौतुक होतं. एकाने चुलीकडे पाहिलं. ‘‘स्वयंपाकघरात?’’ ‘‘स्वयंपाकघरात.’’

भात उतरवून मावशी पदराला हात पुसत जवळ आल्या. गेली कित्येक वर्षं त्या इथली खिचडी करतात. ‘‘काय काढलंय बगू,’’ म्हणून त्यांनी एक हीर उचलला, ग्लासातल्या पांढऱ्याला लावून हलकेच गुंडाळला आणि वर घेतला. मग आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी ते अंगठा आणि तर्जनीत धरलं, चिमूट मिटली, उघडली. दोन बोटांच्या मध्ये एक बारीक धागा ताणला गेला.

‘‘बाई, तार धरतंय की हे,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘एकतारी.’’

‘‘दोनतारी, मावशी,’’ मी म्हटलं. ‘‘यात दोन तारा एकमेकींना पिळा घालून असतात.’’

त्यांनी बोटं पुन्हा मिटली, उघडली. त्यांना पटलं नव्हतं. ‘‘दोनतारीला अजून दम लागतोय.’’

लाडवाचा पाक हजार वेळा बोटांवर तपासलेली बाई बोलत होती. तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे फक्त पुस्तक होतं. पण त्या चिमटीने मला पुस्तकातलीच एक जागा उघडून दिली, जिच्यावरून मी वर्षानुवर्षं घाईने पुढे गेले होते.

१९५० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ सिग्नर लंडनला आले. वासराच्या थायमस ग्रंथीतून त्यांनी फार निगुतीने डीएनए काढला होता आणि तो त्यांनी तिथल्या शास्त्रज्ञांना चक्क वाटून टाकला. त्यातला काही मॉरिस विल्किन्स यांच्याकडे आला. ओला, चिकट गोळा. विल्किन्स यांनी त्याला काचेची कांडी लावली आणि कांडी वर उचलली, तर तिच्याबरोबर कोळ्याच्या जाळ्यातल्या तंतूइतकी बारीक तार ओढली गेली. तार इतकी एकसारखी येते, त्याअर्थी आतले रेणूही शिस्तीने ओळीत उभे असणार, असा त्यांना अंदाज आला. क्ष-किरणांचा मारा करायचा तो या तारेवर. पुढे त्याच सिग्नरच्या डीएनएच्या तारेवर रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये ते प्रसिद्ध छायाचित्र घेतलं. काळ्या ठिपक्यांची एक फुली, बाकी काही नाही. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली शिडी मांडली ती अशा ठिपक्यांवरून आणि मापांवरून. मी फळ्यावर काढायचे ती वेणी त्यांनीही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण तिच्याआधी कुणीतरी कांडी उचलून तार ओढली होती, आणि ती पायरी मी माझ्या शिडीत कधी घातलीच नव्हती.

मी हे मुलांना सांगितलं. मावशींना सांगितलं. मावशी म्हणाल्या, ‘‘त्या बाबाला पाक जमला असता.’’

एवढ्यात मघाची ‘एवढंच’वाली मुलगी उभी राहिली. ‘‘बाई, पण हे डीएनएच आहे कशावरून?’’

मी ‘कारण’ म्हणून सुरुवात केली आणि थांबले. माझं कारण पुस्तकात होतं. तिच्या हातात ग्लास होता. आणि खरं सांगायचं तर ग्लासातलं सगळं पांढरं डीएनए नव्हतंच. फळांच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं. जाम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे. अल्कोहोल घातलं की पेक्टिनसुद्धा असंच पांढरं, चिकट होऊन वर येतं. त्याच्याबरोबर काही प्रथिनं असतात, आरएनए असतो. घरच्या प्रयोगात हे सगळं एकत्र येतं. ही गोष्ट सांगायची की नाही यावर मी घरी दोन दिवस विचार केला होता, आणि मुलांचा विरस नको म्हणून सांगायची नाही असं ठरवलं होतं. आता सांगितली.

भिलारच्या बाजूने येणाऱ्या एका मुलाने मान हलवली. ‘‘आमच्याकडे जामात वरून पेक्टिन घालतात. डब्यातून येतं.’’

‘‘मग?’’ मी विचारलं. हा ‘मग’ खरा होता. पुढे काय करायचं ते टिपणात नव्हतं.

‘‘पेक्टिन नसलेलं काहीतरी घेऊ.’’ ‘‘कलेजी!’’ ‘‘शाळेत कलेजी?’’ ‘‘कांदा?’’ ‘‘कांद्यात असणार की, तोपण झाडच.’’ मावशींच्या टोपलीत कांदे होते म्हणून मी मध्येच सांगून टाकलं, की कांद्याची गुणसूत्रं अवघी १६, पण त्यांतला डीएनए आपल्या जवळजवळ पाचपट. ‘‘कांद्यात?’’ माणसाच्या मुलांचा हा अपमान त्यांना स्ट्रॉबेरीपेक्षाही जास्त झोंबला. मग तीच मुलगी म्हणाली, ‘‘आपल्यात असतं का पेक्टिन?’’

‘‘नाही. वनस्पतींतच असतं.’’

‘‘मग आपलंच काढू.’’

हे माझ्या आखणीत नव्हतं. पण मीठ होतं, साबण होतं, बर्फात आयपीए होतं, प्रत्येकाला पुरतील एवढे ग्लास शेडमध्ये होते, आणि शेडबाहेर लांबलचक मोरी होती. मिठाचं पाणी तोंडात घेऊन मिनिटभर खुळखुळायचं, दातांनी गालाची आतली बाजू अलगद घासायची आणि ते पाणी स्वतःच्याच ग्लासात परत. गालाच्या पेशी सारख्या झडत असतात, त्या पाण्यात उतरतात. ४८ मुलांनी एकदम चूळ खुळखुळवायला घेतली तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून कार्यालयातून दोन शिक्षक धावत आले.

साबणाचे थेंब. हळू कालवणं. कडेने आयपीए. आणि वाट पाहणं. स्ट्रॉबेरीसारखा घसघशीत पसारा या वेळी नव्हता. बऱ्याच ग्लासांत काही दिसलंच नाही. तेराजणांच्या ग्लासांत मात्र मधल्या सीमेवरून एकेक तंतू उठला, पावसाळ्यात कोपऱ्यातल्या कोळिष्टकावर ओल धरावी इतका पुसट. ज्यांचा आला ते बोलेनात. ज्यांचा आला नाही ते त्यांच्या ग्लासात डोकावत राहिले. शेंबूड म्हणायला आता खरी जागा होती, पण कुणी म्हटलं नाही.

मुलगी मात्र सहजासहजी ऐकणारी नव्हती. ‘‘थुंकीतही चिकट असतंच ना काहीतरी?’’ असतं. प्रथिनं असतात. अननसाच्या रसात प्रथिनं तोडणारं विकर असतं, तो घालून पाहायचा, तरी धागा राहिला तर संशयितांच्या यादीतून आणखी एक नाव कमी. कॉलेजात एक रसायन घालून तापवतात, डीएनए असला तर निळा रंग येतो. मी सांगत गेले आणि ती वहीत एकेक लिहीत गेली, जर्नलात उतरवतात तसं नव्हे, किराण्याची यादी लिहितात तसं. तिला मी मीशरच्या गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. त्याचे वरिष्ठ होपे-झायलर यांचाही विश्वास बसला नव्हता. त्यांनी सगळे प्रयोग स्वतः पुन्हा केले, आणि मगच तो लेख छापला, १८७१ साली. ‘‘दोन वर्षं?’’ ती म्हणाली. ‘‘बाई, आपल्याकडे अडीच तास होते.’’

संध्याकाळी गावकऱ्यांसाठी दार उघडं होतं. पालक आले, बागायतदार आले, भिशीच्या बायका आल्या, मोबाइलवाला मुलगा आयपीएची आणखी एक बाटली घेऊन आला. ग्लास तेच, स्ट्रॉबेऱ्या त्याच, पण मोठ्या माणसांना ग्लासातल्या धाग्यापेक्षा त्यावरून पुढे कुठे जाता येतं यात रस होता. एका आजोबांना वारसाचा प्रश्न होता. एक काका म्हणाले, आमच्या घराण्याच्या डीएनएतच शिस्त आहे. दुसरे स्ट्रॉबेरी हातात धरून म्हणाले, हा आपल्या मातीचा डीएनए. सुतावरून स्वर्ग गाठायची आपल्याला सवयच आहे, आणि इथे तर प्रत्यक्ष सूत समोर होतं.

मातीच्या डीएनएबद्दल मी हळूच सांगितलं, की हे फळ आपल्याकडे इंग्रजांच्या काळात आलं. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने चिलीहून तिथली मोठी स्ट्रॉबेरी फ्रान्सला नेली, तिचा उत्तर अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरीशी बागेत संकर झाला, त्याचं हे फळ. काकांनी स्ट्रॉबेरी उलटसुलट करून पाहिली आणि खाऊन टाकली. घराण्याच्या शिस्तीबद्दल मी काही बोलले नाही. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखा असतो एवढंच सांगितलं, उरलेल्या भागात शिस्त बसते का ते त्यांनी ठरवावं. वारसाच्या प्रश्नासाठी चायना ग्रासचा एक पातळ थर तयार होता. त्यात खाण्याचा हिरवा रंग घातला, पाणी आणि खायच्या सोड्यात तो बुडवला, नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या जोडल्या. अर्ध्या तासात हिरव्याचा निळा आणि पिवळा वेगळे होऊन पुढे-मागे सरकले. डीएनएचे तुकडेही असेच धन टोकाकडे पळतात, लहान पुढे, मोठे मागे. त्यांच्या पट्ट्या जुळवून नाती आणि गुन्हे तपासायची युक्ती १९८४ साली इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना सापडली, आणि आपल्याकडे हैदराबादच्या प्रयोगशाळेत लालजी सिंग यांनी ती उभी केली, पट्टेरी मण्यारीच्या डीएनएचा एक तुकडा हाताशी घेऊन. ‘‘मण्यारीच्या?’’ आजोबा वारसाचं विसरले.

भिशीतल्या एका बाईंनी विचारलं, मुलीकडे काय जातं? मी सांगितलं, पेशीत केंद्रकाबाहेरही थोडा डीएनए असतो, तो फक्त आईकडूनच मिळतो. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. कुळ आणि गोत्र ज्या वाटेने मोजतो त्या वाटेवर तो लागत नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद नसते. त्या गप्प झाल्या, मग शेजारणीला म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझ्या आजीच्या आजीचंसुद्धा आहे माझ्यात.’’ त्यांनी स्वतःच्या गालाचा धागा काढला. नवऱ्याचा पाहायला त्या थांबल्या नाहीत.

रात्री मावशी आणि मी ग्लास धूत होतो. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत काही मुलांनी आपले धागे आयपीएत घालून नेले होते. उरलेले मोरीत गेले. कुणाचं काय हे लिहून ठेवायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं.

मुख्याध्यापकांनी अभिप्रायाचे कागद आणून दिले. त्यांनी घाईघाईत छापून घेतलेला नमुना: ‘आज काय शिकलात?’, ‘काय आवडले?’, ‘सूचना’. बहुतेकांनी पहिल्या रकान्यात माझंच टिपण उतरवलं होतं. डीएनए म्हणजे डी-ऑक्सिरायबोन्यूक्लिक आम्ल, तो केंद्रकात असतो. अक्षर सुरेख, एकही चूक नाही. मला माझ्या जर्नलांची आठवण झाली. एका कागदावर पहिला रकाना कोरा होता, दुसराही कोरा. नाव नव्हतं, पण कडेला ‘अननस’ असं लिहून खोडलेलं होतं, त्यावरून कुणाचा ते कळलं. ‘सूचना’च्या रकान्यात एकच ओळ होती: पुढच्या वेळी काय दिसणार ते आधी सांगू नका.

मी तो कागद मावशींना वाचून दाखवला. त्या ग्लास पालथा घालत म्हणाल्या, ‘‘खरंच हाय. पाक शिकवताना माझ्या सासूनं तार कधी सांगितली न्हाई. नुसतं म्हनायची, बोटात धरून बग.’’

पुढच्या जानेवारीत तोच फोन आला. टिपणाचं पान मी नव्याने लिहायला घेतलं. साबण, मीठ, गाळणी, बर्फ, कडेने ओतणं, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. ‘तुम्हाला पांढरे धागे दिसतील’ ही ओळ खोडली, आणि त्या जागी चार ओळी मोकळ्या सोडल्या.